पायाखालचा सोनटक्का

बाई, इथल्या निसर्गकेंद्रात त्यांनी फरशीत जाड काचेखाली सोनटक्क्याचं चित्र बसवलंय आणि मुलांनी त्याच्यावर पाय आपटायचा असतो. पाय आपटला की चिखलात काहीतरी चिरडल्यासारखा आवाज येतो, दिवा हिरवा होतो आणि भिंतीतून कुणीतरी इंग्रजीत शाबासकी देतं. फुलाच्या डोळ्यांवर चोराची काळी पट्टी बांधलीय आणि तोंडात सुळे काढलेत. सोनटक्क्याला सुळे, बाई. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं, पण हा राग मी न्यायचा कुठे? घरात सांगून झालं. सून म्हणाली, "बाबा, चित्र आहे ते." नात मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीतच देते. ती म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ गेम." खेळ असेल. पण आपल्या चौथीच्या वर्गात पुस्तकाला पाय लागला तरी आपण ते कपाळाला लावत होतो. पडलेल्या फुलावरून तुम्ही स्वतः वळसा घालून जायचात आणि तुमच्यामागून आम्ही पन्नास पोरं तसाच वळसा घालायचो. त्यातलाच एक पोरगा म्हातारा होऊन न्यूझीलंडमध्ये उभा आहे आणि त्याची नात सोनटक्क्यावर उड्या मारतेय.

तुम्हाला आधी जागा सांगायला हवी. २०११ साली मी मुलाकडे हॅमिल्टनला कायमचा आलो. त्याचं घर रोटोटुनात आहे. नवी वस्ती, नवी घरं, सगळी इतकी सारखी की पहिल्या आठवड्यात मी दुसऱ्याच्याच दारात किल्ली फिरवत होतो. मुलगा आणि सून सकाळी गाडी काढून कामाला जात, आणि मी फिरायला निघे. या गावाला खोल हिरव्या घळी आहेत, शहराच्या मधूनच जातात, आणि खाली ओढे वाहतात. मे महिना होता, म्हणजे इथे थंडी पडायला लागते. एका घळीच्या तोंडाशी मी थबकलो, कारण वास आला. मी त्या वासामागे उतरत गेलो. गुडघ्यांची पर्वा केली नाही. खाली बघतो तर सोनटक्का, माणसाच्या छातीइतका उंच, ओढ्याच्या दोन्ही काठांना. आपला पांढरा, इथला फिक्या पिवळ्या रंगाचा, पण घराणं तेच आणि वासही तोच. आणि त्याच्यात चार-पाच गोरी म्हातारी माणसं कुदळी घेऊन उभी होती, आणि ती सोनटक्का खणून काढत होती.

मी काय बोललो ते आता आठवत नाही. बहुतेक नुसता हात वर केला असेल. त्यांच्यातला एक, गमबूट घातलेला, जन्मभर गाई पाळून निवृत्त झालेला शेतकरी, माझ्याकडे बघून म्हणाला, "आवडतो वाटतं तुला?" मी म्हटलं, आमच्याकडे हा देवाला वाहतात. तो वाद घालत बसला नाही. त्याने मला वाकायला लावलं आणि पानांच्या खाली दाखवलं. कंदांची वीतभर जाड गादी झाली होती, आणि तिच्याखाली एक रोप नव्हतं, एक कोंब नव्हता. वर इथली जुनी झाडं उभी होती, पण त्यांची पिल्लं जमिनीतून वर येऊच शकत नव्हती. "हा राहिला तर ती म्हातारी झाडं ही शेवटचीच," तो म्हणाला. मला ते पटलं, बाई. वाईट वाटलं आणि पटलं, दोन्ही एकदम झालं. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर कुदळ घेऊन उतरलो. पुढे कितीतरी हिवाळे मी सोनटक्का खणला, शनिवारी येणाऱ्या मुलांनाही घळीत घेऊन उतरू लागलो. खणण्याआधी प्रत्येक झाडाचं एक फूल तोडून नाकाशी धरायचो, आणि तो शेतकरी वरून, इथे दोस्ताला म्हणतात तसं 'मेट' म्हणत, ओरडायचा, "झाली का प्रार्थना, मेट? आता खण."

तेव्हा निसर्गकेंद्र म्हणजे घळीच्या काठावरची पत्र्याची एक खोली होती. चहाची किटली, खिळ्यांना टांगलेले रेनकोट, खिडकीत पक्ष्यांची रिकामी घरटी, आणि दाराशी प्लायवूडच्या तुकड्यावर त्या शेतकऱ्याने हाताने रंगवलेली पाटी, खाली सोनटक्क्याचं एक वाळलेलं पान खिळ्याने ठोकलेलं. पाटीवर इंग्रजीत एवढंच होतं: दिसायला सुंदर. वास फार छान. तरीही काढून टाका. मी ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या मनात आलं, या माणसाला चौथीत कुणीतरी चांगलं शिकवलेलं आहे. तुम्ही असतात तर ती फळ्यावर लिहून आमच्याकडून मोठ्याने म्हणून घेतली असतीत.

मग केंद्र वाढवायचं ठरलं. वर्षाहून जास्त काळ बंद होतं. पुन्हा उघडलं तेव्हा ओळखू येईना: मोठी काचेची इमारत, मुलांसाठी वर्गखोल्या, कॉफीचं दुकान, घळीत उतरणारी लाकडी वाट. ती वाट मात्र खरंच चांगली आहे, तिच्यावरून चाकाच्या खुर्चीतलं मूलही ओढ्यापर्यंत जाऊ शकतं, हे मी कुणासमोरही कबूल करीन. उद्घाटनाला पहाटे माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली, वडीलधारी मंडळी आली. प्रार्थना म्हणत ती एकेका खोलीतून फिरली आणि आम्ही सगळे मागे. मी सवयीने जॅण्डल, म्हणजे इथल्या रबरी सपाता, काढून हातात धरल्या होत्या. शेतकरी माझ्या कानाशी म्हणाला, "पाय गारठतील, मेट." मी म्हटलं, गारठू देत. मला खरंच वाटलं की आपण देवळात चाललोय. मग उजाडलं, भाषणं झाली, शाळांच्या बस आल्या, आणि कुणीतरी मोठ्या दालनातले दिवे लावले. आणि माझी नात पळत जाऊन त्या काचेवर उभी राहिली. "आजोबा, वॉच मी."

मी पाहिलं. भिंतीवर तांबड्या अक्षरांत 'वॉण्टेड' लिहिलेलं, खाली तोच पट्टी बांधलेला चोर, आणि मजकूर: परदेशातून आला, फुकटची जागा बळकावतो, दिसेल तिथे संपवा. परदेशातून आला हे वाचून मी अंग चोरलं असं तुम्हाला वाटेल. नाही. परदेशातून मीही आलो आणि त्या शेतकऱ्याचा पणजोबाही आला होता, ते काही मला लागलं नाही. मला लागलं ते त्या मजकुरात जे नव्हतं ते. त्यात वास नव्हता. एवढी भिंत, एवढे रंग, आणि सोनटक्क्याला वास असतो हे कुठेही नव्हतं. मी जुनी प्लायवूडची पाटी शोधली. बांधकामाच्या कचऱ्यात गेली म्हणे. शेतकऱ्याला सांगितलं तर तो खांदे उडवून म्हणाला, "प्लायवूड होतं, मेट." त्याच्यावरही मी दोन दिवस रागावलो होतो.

केंद्राची नवी मॅनेजर तिशीतली असेल. ऑकलंडहून आलेली, हुशार, कष्टाळू, सगळ्यांना 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करणारी. मी तिच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, ते फूल पायाखालून काढा आणि भिंतीवर एक ओळ घाला, की याचा वास सुंदर असतो. ती म्हणाली, "आय हिअर यू." इथे कुणी 'आय हिअर यू' म्हणालं की समजावं, ऐकणं संपलं. मग तिने समजावलं. मुलं एका बोर्डासमोर क्षणभरच थांबतात. सुंदर म्हटलं की घरी नेऊन लावतील. संदेश एकच हवा, सरळ हवा. फरशी देणगीतून झालीय, ती आता उखडता येणार नाही. केंद्र आत्ता कुठे वाढतंय, शाळा रांग लावून येतायत. मी म्हटलं, "तेच तर. या शाळांतली मुलं एक दिवस घळीत उतरतील आणि त्यांना खऱ्या सोनटक्क्याचा वास येईल. त्याला सुळे नाहीत हेही दिसेल. मग त्यांना कळेल की भिंत खोटं बोलत होती. पुढे तुमच्या दुसऱ्या भिंतीवर त्यांनी विश्वास का ठेवायचा?" ती शांतपणे म्हणाली, "ते फूल मारायचंच आहे ना आपल्याला? मग त्याचं कौतुक कशाला?" बाई, मला इंग्रजी सुचेना. कौतुक करायचंच नाही मला, त्याच्याबद्दल खरं सांगायचंय, हे मी कसंबसं म्हटलं. मग स्वयंसेवकाचं हिरवं जाकीट काढून तिच्या खुर्चीवर ठेवलं आणि म्हटलं, शनिवारी मुलांना घेऊन घळीत उतरायला दुसरा कुणी बघा. शनिवारची मुलं हे या गावातलं माझं एकमेव काम होतं, आणि ते मी आपल्या हाताने सोडून आलो.

मग मी घरात बसलो. सून रुग्णालयात फार्मसिस्ट आहे, दमून येते, म्हणून संध्याकाळची डाळ मी शिजवतो. त्या शनिवारी ती दारातून आत आली ती थेट गॅसकडे धावली. "बाबा, डाळ तळाला लागून काळी झालीय. तुम्ही इथेच तर बसलाय." मी म्हटलं, विचारात होतो. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि खिडकी उघडली. मग पातेलं घासता घासता म्हणाली, "एका फुलासाठी हे सगळं? शनिवारी घरात बसून करणार काय तुम्ही?" मी म्हटलं, रागावणार. ती हसली, मला हसू आलं नाही.

खरं तर मी तुमच्या टेबलाचा विचार करत होतो. शाईच्या रिकाम्या दौतीत तुम्ही सोनटक्का ठेवला होतात, फुलांवरची कविता शिकवायची होती म्हणून. पुस्तक उघडू दिलं नाहीत. फूल बाकाबाकावरून फिरवलंत आणि म्हणालात, "प्रत्येकाने वास घ्यायचा आणि कसा आहे ते सांगायचं. चांगला आहे म्हणायचं नाही, ते मला माहीत आहे." माझी पाळी आली. मला कवितांचा फार नाद, मी ऐटीत उठून म्हणालो, "स्वर्गीय." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "स्वर्गात कधी गेला होतास?" अख्खा वर्ग हसला. माझे कान तापले. तुम्ही फूल परत माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "जिथे गेला आहेस तिथलं सांग." मी पुन्हा वास घेतला, या वेळी डोळे मिटून, आणि म्हणालो, "ओल्या पाटीचा वास आहे. आणि त्या पाटीवर कुणीतरी मध सांडलाय." तुम्ही म्हणालात, "बस खाली." तुमच्या तोंडून ती केवढी शाबासकी होती ते वर्गाला ठाऊक होतं. पुढे जन्मभर मी कारकुनी केली, पण तेवढं एक वाक्य मी कुणाकडून उसनं घेतलेलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी दारावर थाप पडली. शेतकरी, गमबूट चिखलाने भरलेले, हातात मुरंब्याची बरणी आणि तिच्यात सोनटक्क्याचा एक तुरा. "वरच्या टोकाला सापडला," तो म्हणाला. "मी खणायला थांबलोय. प्रार्थना करणारं कुणी नाही." मग बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आला, चहा प्याला आणि म्हणाला, "रुसून बसायला तू काय सहा वर्षांचा आहेस, मेट? चल गाडीत बस." नातही बरोबर निघाली. आम्ही तिघे केंद्रावर गेलो आणि मी ती बरणी मॅनेजरच्या टेबलावर, तिच्या कॉम्प्युटरसमोर ठेवली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फुलाकडे. वाकली. बराच वेळ तशीच वाकून राहिली. वर बघून म्हणाली, "या झाडावर मी अख्खी भिंत लिहिली. वास कधी घेतलाच नव्हता." तिचा आवाज खाली आला होता, आणि माझा राग नेमका तेव्हा उतरायला नको होता, पण थोडा उतरला. मी नातीला म्हटलं, आता तू. चांगला म्हणायचं नाही. ती नाक खुपसून उभी राहिली. इंग्रजीत काहीतरी म्हणायला गेली, थांबली, आणि मराठीत म्हणाली, "थंड." मग विचार करून, "थंड आणि गोड."

मॅनेजरने कागद पुढे केला. "फरशी मला काढता येणार नाही. पण बोर्डावर खाली जागा आहे. ती ओळ तुम्हीच द्या. वास कसा असतो?" तिघंही माझ्याकडे बघत होती. मी बरणी उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले. आणि सांगितलं. ती ओळ आता तिथे आहे, इंग्रजीत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर: ओल्या पाटीसारखा वास, तिच्यावर मध सांडलेला, एकदा घ्या आणि मग काढून टाका. मुलं ती वाचतात, काही जण शेजारच्याला विचारतात की पाटी म्हणजे काय, आणि लगेच काचेवर जाऊन त्या फुलाला तुडवतात. मी दर शनिवारी हिरवं जाकीट घालून तिथे उभा असतो आणि दर शनिवारी मला तितकाच राग येतो. उतारवयात माणूस निवळतो म्हणतात. मी निवळणार नाही. फरशीसाठी तिला दर महिन्याला विचारायचं ठरवलंय.

आता एक सांगतो आणि हे पत्र घडी करून ठेवून देतो. त्या दिवशी बरणी नाकाशी धरली तेव्हा मला कसलाही वास आला नाही. वर्ष-दीड वर्ष झालं असेल, हळूहळू सगळेच वास गेले; कॉफीचा गेला, करपल्या डाळीचाही गेला. सुनेला संशय आहे, पण तिने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. त्या तिघांसमोर डोळे मिटून मी तुमच्या टेबलापाशी गेलो आणि तिथला वास सांगितला. बोर्डावर आहे तो त्या चौथीच्या वर्गातला आहे, इथला नाही. तुम्ही चष्म्यावरून बघून विचाराल, तिथे कधी गेला होतास? हो बाई. तिथे मी गेलो होतो.