दवाखान्याचं एकच दार

आयर्नबोअर, ४ जून १९९४
चि. रोन्डाबाई,
थोरलीचे भरभरून आशीर्वाद.
इथे थंडी पडली. कांगारूची शेपूट भाजताना पायावर निखारा पडला, मला कळलंच नाही. लेक जोलीन ओरडली तेव्हा पाहिलं. साखरेच्या आजारानं पाय बधिर केलेत. झाडपाला लावलाय. दवाखान्यात जा म्हणशील. पण जोलीनच्या नवऱ्याला तिथेच नोकरी लागली. आपल्या भाषेत बोलणारं कुणी आलं म्हणून वस्ती खूश आहे. मीही आहे, पण माझं जाणं बंद झालं. एकच खोली, एकच दार, दारातच त्याचं टेबल. सासूने जावयासमोर जायचं कसं? सिस्टर मार्गरेट विचारते, इतका गुणी मुलगा, त्याला कसली भितेस? भीती नाही, मान आहे, हे तिच्या भाषेत कसं सांगू? तू गोऱ्यांच्या फरशा पुसतेस, तुला येत असेल.
माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी डल्सी

अॅलिस स्प्रिंग्ज, १३ जून
ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार.
पत्र वाचून हसले, मग घाबरले. मी पुसते त्या वॉर्डात आपलीच माणसं पाय गमावून पडलेली असतात. बहुतेकांची सुरुवात अशाच जखमेनं झाली. झाडपाला लाव, पण सिस्टरलाही दाखव. मी तिला फोन करून रीत समजावली. ती म्हणाली, हे मला कुणी सांगितलंच नाही. जावई तरी कसा सांगणार, सासूचा विषयही त्याला वर्ज्य. सिस्टर गुरुवारी त्याला सुट्टी देणार आहे, त्या दिवशी जा. हट्टात तू उंटाला मागे टाकशील, पण माझ्यासाठी जा.
तुझीच रोन्डा

आयर्नबोअर, २ जुलै
धाकट्या आईस,
जोलीनचा नमस्कार.
आई गुरुवारी गेली होती. नेमकी त्याच दिवशी हमरस्त्यावर कुणाची तरी गाडी उलटली आणि जखमींसाठी माझ्या नवऱ्याला, लिंडसेला, सुट्टीतून बोलावून घेतलं. आई दाराशी पोचली तेव्हा तो आत. तिने डोक्यावरून ब्लँकेट ओढलं आणि लंगडत परत फिरली. सिस्टरला घरीही बोलावू दिलं नाही. तिला आज उसंत नाही, पुढच्या गुरुवारी जाईन म्हणाली. तोवर पाय काळा पडला, ताप चढला. सिस्टर कळताच धावत आली, पण उशीर झाला होता.
आज विमानाने आईला तुझ्याकडे नेलं. एरवी धावपट्टीपर्यंत गाडी लिंडसे नेतो. आज त्याने किल्ली दुसऱ्याला दिली आणि दूर झाडामागे पाठ फिरवून उभा राहिला, विमानाचा आवाज विरेपर्यंत. तिच्याशी आपल्या भाषेत बोलत राहा.
तुझी लेक जोलीन

अॅलिस स्प्रिंग्ज, ९ जुलै
जोलीन, लेकरा,
ती गेल्याचं फोनवर तू ऐकलंसच. आता रीतीप्रमाणे तिचं नाव घ्यायचं नाही, लिहायचंही नाही. पाय कापण्याबद्दल डॉक्टर भराभर बोलले, ती हो हो म्हणत राहिली. मी फडकं टाकून मध्ये उभी राहिले आणि एकेक शब्द आपल्या भाषेत सांगितला. तेव्हा ती नाही म्हणाली. जावयासाठी तिचा निरोप आहे, तुझ्या तोंडून सांग: "त्याने माझा मान राखला. त्याला कुणी दोष देऊ नका."
रडू आवरू नकोस.
तुझी धाकटी आई

आयर्नबोअर, २१ ऑगस्ट
धाकट्या आईस,
नमस्कार. दुखवट्यात आम्ही केस कापले, घर सोडलं, नाल्यापलीकडे राहतो. निरोप सांगितला. मग एके दिवशी लिंडसेने सिस्टरला दवाखान्याची मागची भिंत दाखवली. वरून परवानगी आली नव्हती; वरच्यांना मी बघते, म्हणाली ती. दोघांनी मिळून पत्रा कापला, दार बसवलं, बाहेर बायकांसाठी फांद्यांची सावली केली.
काल मागच्या दाराने म्हाताऱ्या आल्या. दुभाषी म्हणून मी आत होते. पुढच्या दारात नेहमीच कुणाचा ना कुणाचा जावई असायचा, म्हणून कित्येक वर्षांत त्यांना कुणी तपासलं नव्हतं. लिंडसे दूर नाल्याकाठी बसून होता. संध्याकाळी त्याने एवढंच विचारलं, आल्या का. आल्या, म्हटलं. तेव्हा तो पहिल्यांदा रडला.
आम्हांला अंतर देऊ नकोस.
तुझी जोलीन