मागे ऐकू आलं का?

बाई, मी शिकवायचा कोर्स करतेय हे ऐकून तुम्ही आधी चष्मा काढून पुसला असता. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर बारावी अर्धी टाकली, गोव्यात एका हॉस्टेलात चादरी बदलल्या, हिमाचलात सफरचंदाच्या पेट्या भरल्या आणि फिरून फिरून लालबागलाच परत आले. इथल्या एका संस्थेत मुलांना मोबाइलवरून शिकवायचं काम मिळण्यासारखं आहे, पण त्याआधी हा ऑनलाइन कोर्स पुरा करावा लागतो. शिकणं म्हणजे काय यावर त्यात वर्तनवाद आहे, रचनावाद आहे, अजून दोन-तीन वाद आहेत. आई म्हणते, एवढे वाद तर आपल्या चाळीच्या मीटिंगमध्येही होत नाहीत.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. या कोर्समध्ये प्रत्येकाने आपल्या एका धड्याचा व्हिडिओ टाकायचा, तिघांनी त्यावर अभिप्राय द्यायचा, मग सुधारून शनिवारी शेवटचा व्हिडिओ द्यायचा. माझ्या वाट्याला भायखळ्याच्या एक ताई आल्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. सकाळी पाळणाघरात काम, दुपारी चाळीतल्या पोरांची शिकवणी. पाळणाघर सोडून शिक्षिका म्हणून लागायचं हे त्यांचं किती दिवसांचं चाललं होतं, आणि पास-नापास या एका व्हिडिओवर होतं. धडा अपूर्णांकांचा. समोर आठ पावांची अख्खी लादी. एकेक पाव तोडून बाजूला ठेवायच्या आणि पुठ्ठ्याची पाटी वर धरायच्या, एक छेद आठ, दोन छेद आठ. मी तो परळच्या बसस्टॉपवर बघितला. इयरफोन बिघडलेला, म्हणून आवाज बंदच ठेवला होता. त्यात ते पाव बघून भूक लागली, तर मध्येच वडापाव आणायला गेले. मग फॉर्म भरला. आवाज स्पष्ट आहे का, सर्वांना सामावून घेतलं आहे का, असे रकाने असतात. मी लिहिलं, ‘आवाज स्पष्ट. समजावण्याची पद्धत छान.’ माझ्या आधी दोघांनी जवळजवळ हेच लिहिलेलं, त्यामुळे मला बरंच वाटलं.

गुरुवारी आईला ती पावांची गंमत दाखवावी म्हणून व्हिडिओ लावला. आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘ह्या बोलतायत खऱ्या, पण आवाज कुठाय?’ मी आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. नव्हताच. बारा मिनिटं ताईंचं तोंड हलत होतं आणि आवाज अजिबात रेकॉर्ड झाला नव्हता. आम्ही तिघांनीही तो स्पष्ट आहे म्हणून लिहून दिलं होतं.

तेव्हा तुम्ही आठवलात. आपला चौथीचा वर्ग, खिडकीखाली मसाला कुटायची गिरणी. एप्रिलात तर मिरचीच्या खकाण्याने अख्खा वर्ग शिंकायचा आणि तुम्ही पदर नाकाला लावून शिकवायच्यात. खिडकीशी शेवटचं बाक माझं. धडा संपला की तुम्ही विचारायच्यात, ‘मागे ऐकू आलं का?’ आणि मी सगळ्या बाकाच्या वतीने ओरडायचे, हो बाई. एक दिवस तुम्ही खडू एका मुलीच्या हातात देता, तिला फळ्याजवळ उभी करून वाचायला सांगता आणि स्वतः येऊन माझ्या शेजारी बसता. मी आत सरकते. खाली गिरणी धडधडतेय. ती मुलगी जीव तोडून वाचतेय आणि आम्हाला दोघींना तिचे फक्त ओठ दिसतायत. तुम्ही माझ्याकडे बघून हळूच म्हणता, ‘मग रोज हो का म्हणतेस गं?’ मी बाकावरची शाई खरवडत बसते. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर सगळी बाकं उलटी फिरवलेली, तुमची खुर्ची आमच्याकडे, खिडकीपाशी. फळा तिकडेच राहिला, तर तुम्ही शिपायाकडून कपाटाचं दार काढून आणवलंत आणि त्यावर लिहायला लागलात.

मी ताईंना फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलले, भायखळ्याच्या भाजीचे भावसुद्धा विचारले. मग सांगितलं. तुमच्या व्हिडिओत आवाजच नाही.

‘मग स्पष्ट आहे असं कुठून लिहिलंस?’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘ताई, चुकलं माझं. पण एक खरं सांगू? आवाज नसताना पण मला धडा समजला.’

‘काय समजला, सांग.’

मी सांगत गेले. एक छेद आठ, दोन छेद आठ, सगळं बरोबर. मग शेवटी ताई चार पावांवर फडकं टाकतात, त्याचा अर्थ मी ‘तुम्ही चार पाव खाल्ले, वजाबाकी झाली’ असा सांगितला. ‘खाल्ले नाहीत गं, झाकलेत,’ त्या म्हणाल्या. ‘दिसतात त्यावरून झाकलेले किती ते ओळखायचं. ते मी तोंडाने सांगितलंय.’ आणि मग, ‘माझ्याकडे शिकवणीला एक मुलगी आहे, तिला कमी ऐकू येतं. पाट्या तिच्यासाठीच केल्या होत्या. म्हणजे तिला पण वाटलं असणार, मी पाव खाल्ले. म्हणून ती रोज वजाबाकी करते होय. आणि मी तिला ओरडत होते.’

शुक्रवारी त्यांनी नवी लादी आणली आणि धडा पुन्हा केला. एक पाटी वाढवली, ‘झाकलेले किती?’ शनिवारी टाकण्याआधी व्हिडिओ मला पाठवला. मी फोन खिडकीत ठेवला, दाराबाहेर कॉमन बाल्कनीत जाऊन बसले आणि तिथून ऐकला. शेवटचं एक वाक्य ऐकू आलं नाही. तसं कळवलं, तर त्यांनी तेवढं पुन्हा केलं. निकाल अजून लागायचाय. ती मुलगी मात्र आता चार छेद आठ सांगते म्हणे.

हे मी फोनच्या नोट्समध्ये लिहितेय, तिथेच राहील. रोज हो का म्हणतेस, असं तुम्ही विचारलेलं, त्याचं उत्तर राहिलं होतं. नाही म्हटलं तर सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघेल, याची भीती वाटायची. आणि अजून एक. बाकं फिरवलीत त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं, बाईंनी मला शिक्षा म्हणून पुढे बसवलं. ती दुसऱ्या दिवशी तुमच्याशी भांडायला शाळेत आली होती, ते त्यामुळे. शिक्षा नव्हती हे मला माहीत होतं, बाई. मला ते इतकं आवडलं होतं की घरी कसं सांगायचं तेच कळलं नाही.