पिशवी कोणी ठेवली

५ फेब्रुवारी

ती. ताई,
नमस्कार. तुझं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? सांगितलेले व्यायाम करतेस, की जिना चढते-उतरते तेवढा व्यायाम पुरे म्हणून टाळतेस? मी तुला ओळखते. इकडे मी बरी आहे. निवृत्त माणसाला बरं असण्यावाचून दुसरं काम नसतं. सकाळी फिरून येते, दुपारी झोपते, संध्याकाळी शेजारणीचं ब्लडप्रेशर मोजते आणि तिची सुनेविषयीची तक्रार ऐकून घेते. सुनेने माझ्याकडे येऊन तपासून घेतलं, तर दोघींत तिचंच जास्त निघेल.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. तुला टिपकागद आठवते? नर्सिंग कॉलेजातली माझ्या खोलीतली मैत्रीण. कानावर पडलेलं सगळं तिच्या डोक्यात टिपलं जायचं म्हणून आम्ही तिला ते नाव दिलं होतं. औषधांची नावं, डोस, चाळीस पेशंटची टेम्परेचरं, सगळं तोंडपाठ. तिच्याशेजारी बसून अभ्यास केला म्हणून तर मी पास होत गेले. माझ्या वेण्या ती घालायची, तिचे गणवेश मी इस्त्री करायचे. एकदा आपल्याकडे आली होती, तू तिला तुझी निळी ओढणी दिलीस आणि नंतर महिनाभर मला टोमणे मारलेस.

तिच्या मुलीचं पत्र आलंय. मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते. अक्षर अगदी आईसारखं, पाकीट बघून आधी वाटलं तिनेच लिहिलंय. लिहिते की आईची स्मृती जात चाललीय. जेवली की विसरते, नवरा वारलाय हे विसरते. डॉक्टर म्हणाले, तिच्या तरुणपणचं कोणी काही लिहून पाठवलं तर वाचून दाखवा, बरं वाटेल. म्हणून तिने माझा पत्ता शोधून काढला.

मी लगेच लिहिलं. वेण्या, इस्त्री, वसतिगृहातल्या बाईंचं घोरणं, ती एनिमाची गंमत. चार पानं. लिहिताना एकटीच हसले.

पत्राच्या शेवटी मुलीने आणखी एक विचारलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. तुला कळलंच असेल काय ते.

तुझी,
धाकटी


२ मार्च

ती. ताई,
नमस्कार. तुझं पत्र पोचलं. त्या विषयावर ‘जुनी मढी उकरू नकोस’ एवढंच लिहिलंस आणि बाकी दोन पानं लोणच्यासारखी आंबट. गुडघ्याविषयी एक अक्षर नाही.

मढं मी उकरलं नाही गं, ते आपणहून दारात आलं. मुलीने दुसरं पत्र पाठवलं. पहिलं पत्र ऐकून आई खूप हसली म्हणे, इस्त्रीचं ऐकून तर टाळ्या वाजवल्या. पण मग पुन्हा तेच. तिचेच शब्द लिहिते: “आई दिवसातून दहा वेळा विचारते, पिशवी मी ठेवली का गं? जन्मभर ती मला सांगत आली की मी नव्हती ठेवली. कोणी ठेवली ते कधीच सांगितलं नाही. आता तिला स्वतःलाच खात्री वाटत नाही. तुम्ही तेव्हा तिथे होतात, मावशी. नव्हती ठेवली, एवढं एक वाक्य तुमच्या हातचं मिळालं तरी पुरे.”

मावशी म्हणते मला.

आपण दोघी ते कधी पुन्हा बोललोच नाही. आज लिहिते. पाचव्या वॉर्डात एक म्हातारा घड्याळजी होता. कमरेत इंजेक्शन देऊन पोटाखालचं अंग बधिर केलं होतं, तसंच ऑपरेशन झालं होतं. माझी सकाळची ड्युटी. दुपारी एकला तो म्हणाला, पोरी, पाय हाताला गार लागतायत बघ. हाताने चाचपून बघत होता बिचारा, पायाला काही लागतंय की नाही हे त्याला कळतच नव्हतं. असल्या पेशंटला गरम पाण्याची पिशवी द्यायची नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही माहीत असतं. मलाही होतं. पण मला बाहेर जायचं होतं, आमचे हे, तुझे जावईबापू, फाटकाशी उभे होते. तेव्हा ते जावईबापू नव्हते, नुसतेच उभे असायचे. मी किटलीतलं उकळतं पाणी पिशवीत ओतलं, फडकंसुद्धा न गुंडाळता त्याच्या पायांना लावली आणि वरून चादर ओढली.

टिपकागदची ड्युटी दोनला सुरू व्हायची. मी गयावया केली म्हणून ती दीडलाच आली आणि रजिस्टरात सही करून चार्ज घेतला. “जा, पळ. पण दात घासून जा, कांदा खाल्लायस,” म्हणाली. पिशवीचं मी तिला सांगितलं नाही. विसरले. खरंच विसरले, ताई, एवढं तरी खरं धर.

चार वाजता घड्याळजीची बायको भेटायला आली, तिने चादर उचलली. नंतरचं तुला मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तुझा प्रश्नही मला पाठ आहे: रजिस्टरात सही कुणाची? मी म्हटलं, तिची. तू म्हणालीस, मग तोंड मिटून बस, मी शाळा सोडून घर सांभाळलं ते तुला शिकता यावं म्हणून, अशी धिंड काढून घेण्यासाठी नाही. मी बसले. मेट्रनबाईंनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. पिशवी कोणी ठेवली? टिपकागदने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे. घड्याळजीला विचारलं तर तो म्हणाला, पांढऱ्या कपड्यातली एक पोरगी होती, तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता. टिपकागद म्हणाली, “मी नाही ठेवली.” माझं नाव घेतलं नाही. मी स्वतः सांगेन म्हणून वाट बघत असावी. शेवटच्या परीक्षेला चार महिने होते. तिला काढून टाकलं. घड्याळजीला डायबेटिस होता, जखम भरलीच नाही. उजवा पाय घोट्यापासून काढावा लागला.

आता ऐक, मी काय केलं ते. मनात होतं की ‘मला नीट आठवत नाही’ असं लिहून मोकळं व्हावं. म्हातारीला कोण विचारणार? पेन घेऊन बसले. पण तुला ठाऊक आहे, तीस वर्षं मी पोरींना शिकवलं. दर वर्षी गरम पिशवीचा धडा आला की मी सांगायचे, माझी एक मैत्रीण होती, फार हुशार, पण एका दुपारी तिने असं केलं. पोरी श्वास रोखून ऐकायच्या. एक जण तर रडली होती. इतक्या वेळा सांगितलं की त्यात आता कुठे अडखळायलाही होत नाही. पेनातून तेच उतरलं. ‘बाळ, वाईट वाटतं, पण तुझ्या आईच्या हातूनच ती चूक झाली. वय लहान होतं, घाईत होती. तिला दोष देऊ नकोस.’ पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. परत येताना भाजी घेतली.

मुलीला जन्मभराचं कोडं सुटल्यासारखं वाटेल, आईला चार दिवसांनी काही आठवणारही नाही, असं मी मनाशी म्हटलं. तुला पटतंय का बघ.

धाकटी


२९ मार्च

ती. ताई,
‘बरं केलंस’ हे तुझं कार्ड मिळालं. दोनच शब्द, पण वाचून मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. दोन दिवस झोपही लागली.

तिसऱ्या दिवशी मुलीचं पत्र आलं. आईला अजून वाचता येतं म्हणे. म्हणून मुलीने माझं ते पत्र तिच्या पलंगाशेजारी भिंतीला चिकटवलंय, म्हणजे प्रश्न पडला की आपली आपण वाचेल, दुकानातून फोन करकरून उत्तर द्यायला नको. आता ती रोज सकाळी उठते आणि वाचते. कालचं तिला काही आठवत नाही, त्यामुळे रोज पहिल्यांदाच वाचते. पहिले काही दिवस ‘नाही, नाही, हे खोटं आहे’ म्हणून भिंत बडवायची. मुलगी समजूत घालायची, अगं तुझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीने लिहिलंय, ती कशाला खोटं लिहील? आता बडवत नाही. वाचते, रडते आणि अंघोळीला जाते. परवा तिने घड्याळजीच्या घरचा पत्ता मागितला, पाया पडून यायचं म्हणून.

मुलीने शेवटी लिहिलंय, “आई म्हणते, माझ्यामुळे तिला केवढं खाली बघावं लागलं असेल. मावशी, तुमचा राग नाही अशा दोन ओळी पाठवाल का? त्याही मी चिकटवेन.”

मी तीन दिवस काही लिहिलं नाही. चौथ्या दिवशी कागद घेतला. पहिल्यांदा लिहिलं, पिशवी मी ठेवली. ती तीन शब्दांची ओळ मी किती वेळ बघत बसले असेन. ही ओळ त्या भिंतीवर लागली, की ती रोज सकाळी ती वाचणार. रोज सकाळी, नव्याने, तिला माझं नाव कळणार. आणि मुलगी, शेजारचे, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी. मी कागद फाडला, ताई. तुला विचारायची गरजच वाटली नाही. या वेळी तू मध्ये नव्हतीस, तुझ्यावर काही ढकलत नाही.

दुसऱ्या कागदावर लिहिलं, ‘माझा तुझ्यावर काही राग नाही. कधीच नव्हता. झालं गेलं विसरून जा.’ सुवाच्य अक्षरात, तिला वाचायला सोपं जावं म्हणून मोठं.

मुलीचा काल फोन आला. मावशी, तुमचे किती उपकार मानू, म्हणाली. आईचं रडणं थांबलंय. घरी कोणी आलं, अगदी दूधवाला आला तरी, ती त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेते आणि सांगते, “मी एका माणसाचा पाय घालवला. पण माझी मैत्रीण बघा, मला एका शब्दाने बोलली नाही.”

फोनवर टिपकागदला माझ्याशी बोलायचं होतं. मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, आणि ठेवून दिला.

ताई, पिशवी मी ठेवली होती. हे ज्याला लिहून पाठवावं असं माणूस आता तू एकटीच उरलीस. वाचून झालं की फाडून टाक, आणि बरं केलंस असं या वेळी लिहू नकोस.

तुझी,
जिला तू शिकवलंस ती
धाकटी