उजव्या दंडाची भरपाई

हिल्सबरो, ऑकलंड

प्रिय दमयंतीताई,

एका हाताचाच नमस्कार घे, दुसऱ्याचं प्रकरण सध्या सरकारदरबारी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? (विचारते आहे, पण उत्तर लांबवू नकोस. या पत्रात दुखायची पाळी माझी.)

तर झालं काय, मे महिन्यात फ्लूची लस घ्यायला मैत्रेयीच्याच फार्मसीत गेले. सून फार्मासिस्ट असताना परक्याकडून कशाला टोचून घ्या! ती म्हणाली, डावा हात द्या आई. आता घरच्या लक्ष्मीपुढे डावा हात कसा करायचा? मी आपला उजवा दिला. सुई दंडाऐवजी जरा वर, खांद्यातच गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून हात वर जाईना. स्वतःची वेणी घालायची सोय राहिली नाही. मैत्रेयी अगदी रडवेली झाली. तिनेच भरपाईचा अर्ज करायला लावला आणि टोचणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. मला धडकीच भरली, पोरीची नोकरी गेली म्हणजे? पण इथे चूक कोणाची ते विचारत नाहीत बाई, दुखतंय कुठे तेवढंच विचारतात.

आणि तेही सांगता येईल तर ना! फोनवर दुभाषी दिला तो हिंदीवाला. मी म्हटलं, दंड भरून आलाय. त्याने पलीकडे कळवलं, बाई दंड भरून आल्यात. साहेब विचारतात, कसला दंड? मी म्हणते, उजवा! अर्धा तास हेच. शेवटी मैत्रेयीने फोन ओढून घेतला आणि बोलायचं सोडून हसतच सुटली. तिला एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

काल अर्ज मंजूर झाला. फिजिओ मिळणार, शिवाय रोज सकाळी वेणीफणीला एक बाई येणार. आमचा गंधार म्हणतो, "आई, स्वीट ॲज!" (म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'.) कसलं डोंबलाचं स्वीट!

तुझी,
प्रमोदिनी

ता. क. ती बाई मला नकोय. दोन महिने रोज कामावर निघण्याआधी मैत्रेयी माझी वेणी घालते. चार वर्षं एका घरात राहून आम्ही 'चहा झाला का'च्या पुढे गेलो नव्हतो, आता वेणी होईपर्यंत ती माहेरचं सगळं सांगते. तू मैत्रेयीला फोन करून ठणकावून सांग, आपल्याकडे परक्या बाईला केसांना हात लावू देत नाहीत. (असलं काही नाही, ठाऊक आहे. पण तुझ्या आवाजात खरं वाटेल.)

आणखी एक. खांदा पंधरा दिवसांपूर्वीच बरा झालाय. कुठे बोलू नकोस.

आणखी एक. फोन करू नकोस. पाकीट चिकटवता चिकटवता मला राहवलं नाही, मैत्रेयीला खरं सांगून टाकलं. म्हणाली, "माहितीये आई, वरच्या फळीवरचा डबा काढताना पाहिलं मी. त्या बाईला नको म्हणून कळवलंय. बसा, वेणी राहिलीय."