यादगिरीमामांच्या जागी आठ पात्यांची मशीन

अप्पा,

मशीनवाला अकराला सही घ्यायला येतोय, पण ऑर्डरचा कागद मी सोबत नेलाय. खुशाल रागवा.

एका दमात फळीच्या आठ पट्ट्या चिरणारी मशीन आपल्याला कशाला? आपण महिन्याला दाराच्या पाच चौकटी करतो, त्याही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वास्तुवाल्याच्या मापाने वेगळ्या. महिन्याचं लाकूड ती सोमवारी चहा उकळायच्या आत चिरेल. मंगळवारपासून काय, सोफा चिरायचा? तुम्ही म्हणता, "हौ, पण अंबरपेठेत कुणाकडेच नाही." अंबरपेठेत हत्तीही कुणाकडे नाही.

हेही हसून सोडलं असतं. पण मशीन कुठे बसेल म्हणून काल तुम्ही यादगिरीमामांची नक्षीकामाची जागा मोजलीत, ते तिथे बसलेले असताना. वर टेपचं दुसरं टोक त्यांनाच धरायला लावलंत. तीस वर्षं आपल्याकडे असलेल्या माणसाला! त्यांनी धरलं, मग पटाश्या पिशवीत भरून निघून गेले. मला किळस आली, अप्पा.

मी त्यांना आणायला बरकतपुऱ्याला चाललेय. तुम्हाला ताप आलाय, नाहीतर स्वतःच आला असतात, असं सांगणार आहे. दुपारपर्यंत बरे व्हा आणि या.

योगिनी