वहिनीच्या मॉडेलवर माझे लाल ठिपके

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून सूड. अर्थात नियमात बसेल असाच.
कारण लिहून ठेवते, म्हणजे राग थंड होणार नाही. आमच्या घरच्या बांधकाम कंपनीच्या मीटिंगमध्ये काकांनी जाहीर केलं की नव्या हॉस्पिटलचं काम यापुढे वहिनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होणार. त्यात आख्खी इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये उभी करतात, पाइप-वायरींसकट. हॉस्पिटलवाल्यांनी मॉडेल पास केलं, तर महिनाअखेरीस हाताने नकाशे काढणारा ड्रॉइंग सेक्शन बंद. हा सेक्शन बाबांनी उभा केला. त्यांचे डोळे अधू झाल्यापासून सेक्शन म्हणजे मी एकटीच.
वहिनी म्हणजे काकांची सून. लग्नाला वर्ष नाही झालं. मला गमतीने 'वन्सं' म्हणते. गंमत माझ्या लक्षात येते.

४ फेब्रुवारी
योजना तयार. चूक दिसली की मॉडेलवर तिथे लाल ठिपका लावायची सोय आहे. मी इतके ठिपके लावीन, की हॉस्पिटलवाले विचारतील, इमारतीला गोवर झालाय का?
पासवर्ड वहिनीकडेच मागावा लागला. लगेच दिला. वर म्हणाली, बरं झालं, कुणीतरी बघायला हवंच होतं. शत्रूला कमी लेखू नये, हे तिला माहेरी शिकवलेलं दिसत नाही.

६ फेब्रुवारी
पाइप बीमला धडकला तर सॉफ्टवेअर स्वतःच बोंब मारतं. ते सुख माझ्या वाट्याला नाही. पण वॉर्डाचं दार उघडलं की वॉशबेसिनवर आपटतं, हे त्याला कळत नाही. मला कळतं. लहानपणी बाबा मला नकाशातून बोटाने चालायला लावत. दारात अडलीस का, विचारत.
पहिला ठिपका लावला. आनंदाने.

११ फेब्रुवारी
मोठी शिकार! मॉडेलमधून तिसरा मजलाच गायब. सगळ्यांना बोलावून दाखवलं. वहिनी आली, एक बटण दाबलं, मजला परत आला. म्हणाली, तुम्हीच लपवला होतात, वन्सं.
साइट इंजिनिअर म्हणाला, आमच्याकडे मजला हरवला तर आम्ही आधी सिमेंटवाल्याला धरतो. सगळे हसले. काका नुसतेच खोकले.
मुद्दा कुणाच्या लक्षात आला नाही. मजला लपू शकतो, हाच मुद्दा होता.

१४ फेब्रुवारी
ब्रह्मास्त्र मिळालं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या वळणावर स्ट्रेचर वळूच शकत नाही. वहिनीला पत्ता नाही. आता तोंडाला कुलूप. थेट हॉस्पिटलवाल्यांसमोर, मीटिंगमध्ये सांगणार. तिचा चेहरा बघायचाय.

१५ फेब्रुवारी
काल रात्रभर डोळ्यांसमोर सारखा एक पेशंट वळणावर अडकून पडलेला. तो माझ्याकडेच बघतोय.
सकाळी ऑफिसात शिरल्या शिरल्या ठिपका लावला. मापं लिहिली. भिंत किती मागे घ्यायची तेही लिहिलं, नाहीतर ती पुन्हा चुकायची. हा दयाळूपणा नव्हे. सूड स्वच्छ असावा, एवढंच.

१९ फेब्रुवारी
अडचण. वहिनीने चूक सुधारली की ठिपका हिरवा होतो. मी लावते, ती सुधारते. गोवर उतरत चाललाय.
उपाय: वेग वाढवणे. जेवणाची सुट्टी बंद.

२० फेब्रुवारी
बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, हे मी तुमच्यासाठी करतेय. ते म्हणाले, मला विचारलंस का? मग म्हणाले, त्या स्ट्रेचरचं काय झालं? सुधारलं म्हटल्यावर पोटभर जेवले.
बिचारे. अपमान आतल्या आत गिळतात.

२५ फेब्रुवारी
उद्या मीटिंग. भाषण पाठ. सुरुवात: 'या चुकांचं काय?' आरशासमोर आवाज छान लागला.

२६ फेब्रुवारी
भाषण झालं नाही. चूकच उरली नव्हती. शेवटचा लाल ठिपका सकाळी हिरवा झाला. एवढासा कठडा, पण राहिला असता म्हणून मीच वहिनीला दोनदा फोन केला होता.
तिने पडद्यावर सगळे हिरवे ठिपके दाखवले. इमारत नव्हे, कुरणच. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर म्हणाले, इतकी बारकाईने तपासलेली इमारत मी पाहिली नाही. मॉडेल पास. पुढची दोन कामंही यांनाच.
मग वहिनीने मला उभं केलं आणि म्हणाली, हे सगळं हिचं. टाळ्या. बसून राहणं असभ्य दिसलं असतं, म्हणून उभी राहिले.

२८ फेब्रुवारी
सेक्शन बंद. काका म्हणाले, सोमवारपासून वहिनीच्या हाताखाली तपासणी, आणि आधी तिच्याकडेच सॉफ्टवेअरचा क्लास. मी कडक आवाजात म्हटलं, विचार करून सांगते. ते म्हणाले, सावकाश कर, खुर्ची हलवलीये.

२ मार्च, रविवार
वहिनी लॅपटॉप घेऊन घरी आली. म्हटलं, आता बाबा तिला सुनावतील.
बाबांनी विचारलं, यात जिना मोठा करून दिसतो का? दिसतो, ती म्हणाली. बाबांनी मोठा केला. अजून मोठा केला. पडदाभर एकच पायरी उरली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग दुपारभर ते बोटाने इमारतीत हिंडत होते. चहा दोनदा गार झाला.
वहिनी निघाली तेव्हा बाबा दारात हळूच तिला म्हणाले, आमच्या हिला जरा सांभाळून शिकव हं, नवीन काही आलं की घाबरते ती.
मला सगळं ऐकू आलं. मी अजिबात घाबरत नाही. फक्त उद्या क्लास किती वाजता आहे, ते कुणाला विचारावं हे कळत नाहीये.