पुठ्ठ्यातलं पान

१२ जून

चि. धाकट्यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या पानावर भाषण, दुसऱ्या पानावर हुकूम. वकिलातीचा कागद मात्र झकास, पत्र्यासारखा कडक.

मुसलमान देशांशी संस्कृतीचे धागे जोडण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, असं तू भरल्या सभेत सांगितलंस आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे. वाजवणारच. बसून बसून पाय अवघडले असतील. पण सव्वीस वर्षांत तिथल्या एकाच्या तरी घरी चपला काढून बसलास का? फोटोत बघावं तर हॉटेलची खुर्ची आणि शेजारी फुलदाणी.

आणि दुसऱ्या पानावर लिहितोस, की पुढच्या खोलीतल्या बाइंडरला महिनाअखेर बाहेर काढ. मी राजदूत होऊन सुट्टीवर येईन, मोठी माणसं भेटायला येतील, दारातच मुसलमानाचं दुकान बरं दिसत नाही. वा रे धागे जोडणारा. ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात अकरा दिवस उशाशी बसला तो हाच बाइंडर. तू गुच्छ पाठवलास, तोही कारकुनाच्या हस्ते.

घर आपल्या दोघांच्या नावावर आहे. माझी सही मिळणार नाही.

भाषणं कमी कर, घशाला आराम पडेल. लोभ आहे, पण तो गृहीत धरू नकोस.

तुझी आक्का

२९ जून

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे टोमणे मिळाले. सध्या त्याहून मोठी अडचण आहे.

वीस जुलैला इथल्या सांस्कृतिक मंत्र्यांना मी आपल्या सरकारी संग्रहातलं, त्यांच्या लिपीतलं एक जुनं हस्तलिखित भेट देणार आहे. राजदूतपदाचा निर्णय त्या समारंभावर आहे. पानं सुटली होती म्हणून खात्याच्या छापखान्यातून नवी बांधणी करून घेतली. हिरवं चामडं, सोनेरी नक्षी. काल इथल्या ग्रंथपालांना कौतुकाने दाखवलं. त्यांनी उघडलं, मिटलं आणि फार अदबीने विचारलं, की बांधणी उलट्या बाजूने तर झाली नाही ना. यांची लिपी उजवीकडून चालते, त्यामुळे पुस्तकाचा कणा उजव्या हाताला हवा. आमच्या लोकांनी आपल्या पुस्तकांसारखा डावीकडे बांधला. आता उघडलं की शेवट आधी येतो. मंजुरीची सही माझी आहे.

इथे दुरुस्तीला दिलं तर बोभाटा होईल. माणसाबरोबर पुस्तक पाठवत आहे. बाइंडरकडून करून घे. कुणाचं आहे ते सांगू नकोस. खोलीचं आपण नंतर पाहू.

आपला कृपाभिलाषी,
धाकटा

१० जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पुस्तक आलेल्या माणसाबरोबरच परत धाडलंय.

बाइंडरने ते एकदा हातात फिरवलं आणि म्हणाला, ज्याने हे पसंत केलं त्याने उघडूनच पाहिलं नसणार. सांगू नकोस म्हणालास, पण मला कुठे राहवतं. मी म्हटलं, माझ्या भावाला या कामातली सव्वीस वर्षं झालीत. बिचारा इतका हसला, की पाणी द्यावं लागलं.

मग मात्र आठ दिवस मान वर केली नाही. सगळी शिवण उसवली, नव्याने शिवली, कणा उजवीकडे आणला. मजुरी विचारली तर म्हणाला, तुमच्या भावाचं काम, आपल्या घरचंच की.

हे ऐकून मला तुझी फार लाज वाटली.

जुने पुठ्ठे वाकले होते. नवा पुठ्ठा करायला तो कागदावर कागद खळीने चिकटवतो, म्हणून चांगला जाड कागद असेल तर द्या म्हणाला. घरात जाड कागद एकच होता. तुझ्या पहिल्या पत्राचं दुसरं पान दिलं, ते हुकमाचं. काम करताना त्याचा चष्मा कपाळावर असतो, त्याने काही वाचलं नाही. आता ते वरच्या पुठ्ठ्यात बसलंय, तुझ्या सहीसकट. वरून काही दिसत नाही. चामडं कापलं तरच निघेल. बांधणी शंभर वर्षं टिकेल म्हणतो, आणि त्याचा शब्द तुझ्यासारखा नसतो.

तेव्हा वीस तारखेला ते पुस्तक दोन्ही हातांनी दे आणि धाग्यांचं भाषण खुशाल कर. ग्रंथपालांचं कार्ड तू पुस्तकातच विसरला होतास, ते मी जपून ठेवलंय. खोलीचा विषय पुन्हा निघाला तर त्यांना वरच्या पुठ्ठ्याबद्दल चार ओळी लिहीन. माझं अक्षर बरं आहे.

माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल, बाइंडरवरचा आजपासून वाढू दे.

तुझी आक्का